पिछाडीचा गडी

(धर्मग्रामाच्या महोत्सवांतील क्रीडादिनीं, बक्षीससमारंभापूर्वीं धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



महोत्सवसमितीनें आज मला चार शब्द बोलण्याची आज्ञा केली आहे. समितीची अपेक्षा बहुधा अशी असावी कीं, फादर संत पौलाच्या पत्रांतील शर्यतीचा दाखला देतील, व्यायामाचें महत्त्व सांगतील आणि पंधरा मिनिटांत खालीं बसतील. तो दाखला मीं या मैदानावर इतक्या वेळां दिला आहे कीं, पुढच्या बांकांवरील मुलें माझ्या आधींच तो पुरा करतात. म्हणून आज मी एका फुटबॉल खेळाडूची हकीकत सांगणार आहें. तो संत नव्हता, हुतात्मा नव्हता, आणि त्यानें आपल्या आयुष्यांत एक मोठी चूकहि केली. त्या चुकीसाठींच मीं त्याची निवड केली आहे.

तो पिछाडीचा गडी होता. सामना पाहणारांची दृष्टि चेंडूबरोबर पुढें धांवते. गोल करणारा सर्वांच्या खांद्यावर चढतो. गोलरक्षकानें झेप घेऊन चेंडू अडविला तर टाळ्या पडतात. या दोघांच्या मधोमध जे गडी उभे असतात त्यांची आठवण लोकांना होते ती केवळ त्यांच्या हातून चूक झाली म्हणजे. नव्वद मिनिटें त्यांनीं आपलें काम चोख केलें, तर ‘आज तिकडे कांहीं घडलेंच नाहीं’ असें म्हणून लोक घरीं जातात. आपल्या घरोघरच्या माउल्यांना हा अनुभव निराळा सांगावयास नको.

त्याचें नांव नील फ्रँकलिन. इंग्लंडमधील स्टोक-ऑन-ट्रेंट या शहरीं २४ जानेवारी १९२२ रोजीं त्याचा जन्म झाला. हें शहर चिनी मातीच्या भांड्यांसाठीं जगभर प्रसिद्ध. भट्ट्यांच्या धुरांत वाढलेल्या कामगारांची ती वस्ती. त्याच शहराच्या स्टोक सिटी संघांत तो १९३९ सालीं, सतराव्या वर्षीं, पगारी खेळाडू म्हणून दाखल झाला. त्याच वर्षीं महायुद्ध पेटलें, नियमित स्पर्धा बंद पडल्या, आणि खेळाडूच्या आयुष्यांतील जीं उमेदीचीं वर्षें तीं त्यानें विमानदलाच्या गणवेषांत आणि युद्धकाळांतील हंगामी सामन्यांत घालविलीं. पुनः नियमित स्पर्धा सुरू झाल्या तेव्हां तो चोवीस वर्षांचा होता.

तो ज्या जागीं खेळे त्या जागेविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. मुलांना तें ठाऊक असेल, पण त्यांच्या आजोबांनीं रागावूं नये. १९२५ पूर्वीं ‘सेंटर हाफ’ हा मैदानाच्या मध्यावर राहून चढाई व बचाव यांना जोडणारा गडी असे. त्या वर्षीं ऑफसाइडचा नियम सैल करण्यांत आला. चढाई करणाराच्या पुढें प्रतिपक्षाचे तीन गडी असावे लागत, ते दोन पुरेसे ठरले, आणि गोलांचा पाऊस पडूं लागला. तेव्हां आर्सेनल संघाचे चालक हर्बर्ट चॅपमन यांच्यासारख्या जाणत्या माणसांनीं सेंटर हाफला मागें ओढून दोन फुलबॅकांच्या मध्यें उभें केलें. तेव्हांपासून ही जागा धिप्पाड आणि दांडग्या माणसांची समजली जाऊं लागली. चेंडू दिसला कीं त्याला लाथेनें दूर भिरकावून द्यावा, एवढीच विद्या त्यांच्याकडून अपेक्षित असे. फ्रँकलिन त्या जागीं उभा राहिला. पण त्याची रीत निराळी होती. चेंडू पायाशीं घ्यावा, मान वर करून पाहावें, आणि जवळच्या सहकाऱ्याला तो नीट पोंचवावा. धसमुसळेपणा त्याला ठाऊक नव्हता. आपल्या संघांतील कांहीं गड्यांकडे मी मुद्दाम पाहत नाहीं.

२८ सप्टेंबर १९४६ रोजीं बेलफास्ट येथें तो इंग्लंडतर्फे प्रथम खेळला, आणि त्यानंतर लागोपाठ सत्तावीस अधिकृत आंतरराष्ट्रीय सामन्यांत त्याच्या जागीं दुसरा कोणी उभा राहिला नाहीं. १९४७ च्या मे महिन्यांत लिस्बन येथें इंग्लंडनें पोर्तुगालचा दहा गोलांनीं पराभव केला. पुढच्या वर्षीं तुरीन येथें विश्वविजेत्या इटलीला चार गोलांनीं हरविलें. या दोन्ही सामन्यांत प्रतिपक्षाला एकहि गोल करतां आला नाहीं. इंग्लंडचे चौदा गोल कोणीं केले तें जुन्या पुस्तकांतून सविस्तर छापलेलें आहे. उरलेल्या दोन शून्यांखालीं कोणाची सही नसते.

त्याच सुमारास, १९४७ च्या जून महिन्यांत, त्याच्या स्टोक सिटी संघाला सर्व इंग्लंडचें अजिंक्यपद हातांत येण्याची संधि होती. शेवटचा सामना शेफील्ड युनायटेडशीं. जिंकले असते तर अजिंक्यपद त्यांचेंच होतें. दोनास एक असे हरले. थोर खेळाडू स्टॅन्ले मॅथ्यूज यांना स्टोकनें त्याआधीं कांहीं आठवड्यांपूर्वींच ब्लॅकपूलला विकलें होतें. ‘विकलें’ हा शब्द मी विचारपूर्वक वापरतों, कारण आतां जें सांगावयाचें आहे तें त्या शब्दाशींच निगडित आहे.

त्या काळीं इंग्लंडांत खेळाडूच्या वेतनाला कायद्यासारखी कमाल मर्यादा होती. ती १९०१ सालीं आठवड्यास चार पौंड अशी सुरू झाली, आणि १९५० सालीं ती हंगामांत बारा पौंडांवर आली होती. गडी कितीहि गुणवान् असो, त्याहून अधिक देण्याची मालकांना बंदी होती. बारा पौंड म्हणजे उपासमार नव्हे, हें न्यायबुद्धीनें सांगितलें पाहिजे. गिरणींत राबणाऱ्या सामान्य कामगारापेक्षां तें वेतन अधिकच होतें. पण गिरणीकामगार साठीपर्यंत राबूं शकतो. खेळाडूचे गुडघे पस्तिशीच्या आंत उत्तर देतात, आणि १९४८–४९ च्या एका हंगामांत चार कोटींहून अधिक प्रेक्षकांनीं तिकिटें काढून हे सामने पाहिले होते. तो पैसा कोणाकडे गेला हें विचारण्याचा अधिकार खेळाडूला होता, असें मला वाटतें.

तथापि वेतनाहून वाईट गोष्ट दुसरीच होती. खेळाडूचा करार वर्षाचा असे. वर्ष संपलें, करार संपला, तरी त्याची नोंदणी मालकाच्या मुठींत राही. मालकानें मोकळीक दिल्यावांचून त्याला दुसऱ्या कोणत्याहि संघाकडून खेळतां येत नसे, मग जुना मालक त्याला वेतन देवो वा न देवो. दुसऱ्या संघानें त्याच्यासाठीं वीस हजार पौंड मोजले, तर ते एका मालकाच्या पेटींतून दुसऱ्याच्या पेटींत जात. ज्याच्या पायांची ती किंमत, त्याच्या हातीं त्यांतलें जवळजवळ कांहींच येत नसे. द्राक्षमळ्याच्या धन्याचा दृष्टान्त तुम्ही सर्व जाणतां. त्या मजुरांना संध्याकाळीं निदान घरीं जातां येत होतें, आणि दुसऱ्या दिवशीं दुसऱ्या मळ्यांत.

परमपूज्य पिता तेरावे लिओ यांनीं १८९१ सालीं ‘रेरुम नोवारुम’ हें परिपत्रक प्रसिद्ध केलें. सेमिनरींत तें आम्हांला पाठ करावें लागे, आणि खरें सांगतों, त्या वेळीं तें मला फार रुक्ष वाटलें. त्यांत पोपमहाशयांनीं असें शिकविलें आहे कीं, मजुरानें ‘होय’ म्हटलें एवढ्यानेंच वेतन न्याय्य होत नाहीं. कारण गरज किंवा भीति यांच्या दडपणाखालीं दिलेली संमति ही जुलमाखालीं दिलेली संमति होय. त्यांच्या डोळ्यांपुढें गिरण्या आणि खाणी होत्या. फुटबॉलचें मैदान त्यांच्या मनांत आलें नसेल. परंतु तत्त्व जागा पाहून बदलत नाहीं.

आतां १९५० सालाकडे येतों. दक्षिण अमेरिकेंतील कोलंबिया देशांत एक नवी व्यावसायिक स्पर्धा नुकतीच उभी राहिली होती. ती जागतिक संघटनेच्या बाहेर असल्यामुळें दुसऱ्या देशांतील खेळाडूंना घेतांना त्यांच्या मालकांना एक पैसाहि द्यावा लागत नसे; तो पैसा सरळ खेळाडूला देऊं करण्यांत येई. अर्जेंटिनाचे कित्येक नामांकित खेळाडू, त्यांत पुढें जगप्रसिद्ध झालेले आल्फ्रेदो दि स्तेफानो, तेथें जाऊन पोंचले होते. बोगोता शहरांतील एका संघानें फ्रँकलिनला बोलावणें धाडलें. घरीं मिळणाऱ्या वेतनाच्या कितीतरी पट रक्कम त्याला देऊं केली. त्या संघाचें नांव सान्ता फे, म्हणजे ‘पवित्र श्रद्धा’. स्पॅनिश लोकांनीं त्या शहरालाच दिलेलें हें नांव आहे. मला हें वाचतांना हसूं आलें आणि वाईटहि वाटलें.

त्याचा स्टोकशीं असलेला वर्षाचा करार संपला होता; नवा त्यानें केला नव्हता. म्हणून शब्द मोडला असा आरोप त्याच्यावर करतां येणार नाहीं, असें माझें मत आहे. इंग्लंडमधील फुटबॉलच्या सूत्रधारांचें मत याच्या अगदीं उलट होतें. पण दुसऱ्या एका गोष्टींत मी त्याची वकिली करणार नाहीं. त्याच उन्हाळ्यांत ब्राझील देशीं विश्वचषकाची स्पर्धा व्हावयाची होती, आणि इंग्लंड प्रथमच तींत उतरणार होतें. फ्रँकलिननें संघटनेला कळविलें कीं, पत्नीचे दिवस भरत आले असल्यामुळें मला ब्राझीलला जातां येणार नाहीं. पत्नी गरोदर होती, ही गोष्ट खरी. आणि मग त्याच पत्नीला व लहान मुलाला घेऊन तो ब्राझील ज्या खंडांत आहे त्याच खंडांतील कोलंबियास निघून गेला. खरें तेवढेंच सांगितलें, पण सगळें सांगितलें नाहीं. पापनिवेदनाला बसणारा कोणताहि धर्मगुरु तुम्हांला सांगेल कीं, साध्या असत्यापेक्षां अशा अर्ध्या सत्यांचा गुंता सोडविण्यास अधिक वेळ लागतो.

बोगोता समुद्रसपाटीपासून सुमारें २६०० मीटर उंचावर आहे. मैदानावर धांवणाराला तेथें दम लागतो. त्याहून कठीण होती ती देशाची स्थिति. ९ एप्रिल १९४८ रोजीं लोकप्रिय पुढारी गाइतान यांचा भर रस्त्यांत खून झाला, शहर जळलें, आणि त्यानंतर अनेक वर्षें त्या देशांत यादवी धुमसत राहिली. संध्याकाळनंतर बाहेर पडण्यास मनाई. भाषा अनोळखी, पत्नी गरोदर, आश्वासनें आणि प्रत्यक्ष परिस्थिति यांचा मेळ बसेना. तो तेथें अवघे सहा सामने खेळला आणि कांहीं आठवड्यांतच परत फिरला. त्याच्याबरोबर गेलेला स्टोकचा जॉर्ज माउंटफर्ड, आणि त्यांच्या मागोमाग गेलेला मँचेस्टर युनायटेडचा चार्ली मिटन, हे दोघे मात्र हंगाम पुरा करून परतले. म्हणजे तेथें टिकणें अशक्य नव्हतें. फ्रँकलिनला तें जमलें नाहीं, इतकेंच.

इकडे २९ जून १९५० रोजीं बेलो होरिझोंते येथें इंग्लंडच्या संघाला अमेरिकेनें एक गोलानें हरविलें. फुटबॉलच्या इतिहासांतील अत्यंत आश्चर्यकारक निकालांपैकीं हा एक समजला जातो. फ्रँकलिनच्या जागीं उभा केलेला गडी त्या स्पर्धेंतच प्रथम इंग्लंडकडून खेळत होता. केवळ एका माणसाच्या अभावीं सामना हरला असें म्हणणें अन्यायाचें होईल. चढाई करणारांनींहि त्या दिवशीं गोल केला नाहीं. परंतु ती जागा पुढें चार वर्षें भरून निघाली नाहीं. एकामागून एक गडी आजमावले. १९५३ च्या नोव्हेंबरांत हंगेरीनें वेम्ब्ले येथें इंग्लंडला सहास तीन असें लोळविलें. आणि १९५४ सालीं कर्णधार बिली राइट यांनाच मागें आणून तेथें उभें केल्यावर कोठें स्थैर्य आलें. (जातां जातां सांगतों, १९५० च्या त्या स्पर्धेंत आपल्या भारतालाहि स्थान मिळालें होतें, आणि आपण गेलों नाहीं. अनवाणी खेळूं दिलें नाहीं म्हणून गेलों नाहीं, ही गोष्ट आपण मुलांना मोठ्या आवडीनें सांगतों; पण आपल्या फुटबॉल संघटनेनें त्या वेळीं सांगितलेलें कारण तें नव्हतें. तेंहि एक अर्धें सत्यच.)

परत आलेल्या फ्रँकलिनला इंग्लंडनें क्षमा केली नाहीं. त्याला खेळण्याची बंदी झाली. बंदी उठल्यावर १९५१ च्या फेब्रुवारींत हल सिटी या दुसऱ्या विभागांतील संघानें त्याच्यासाठीं स्टोकला २२,५०० पौंड दिले. पाहा, ज्या माणसाचें तोंड पाहण्याची स्टोकची इच्छा नव्हती, त्याची किंमत घेण्यास त्यांची हरकत नव्हती. इंग्लंडच्या संघांत त्याला पुनः कधींहि बोलावलें नाहीं. तेव्हां तो अवघा एकोणतीस वर्षांचा होता, आणि हंगेरीच्या त्या सामन्याच्या दिवशींहि तो हलचाच खेळाडू होता.

येथून पुढची त्याची वाट म्हणजे फिरत्या कारागिराची वाट. गुडघ्यानें दगा दिला. हलनंतर १९५६ मध्यें क्रू, १९५७ मध्यें स्टॉकपोर्ट; मग मुख्य स्पर्धेच्या बाहेरचे लहान संघ, जेथें प्रेक्षक मोजण्यास दोन्ही हातांचीं बोटें पुरावीं असें कोणी थट्टेनें म्हणावें. लिस्बन आणि तुरीन पाहिलेला हा मनुष्य पावसांत भिजलेल्या लहान मैदानांवर तशीच मान वर करून चेंडू देत राहिला. १९६३ सालीं तो सायप्रसमध्यें एका संघाचा शिक्षक होता; त्याच वर्षीं तो इंग्लंडांतील कोल्चेस्टर संघाचा व्यवस्थापक झाला. तेथें एकदां संघ खालच्या विभागांत गेला, पुढच्याच वर्षीं वर आला, दोन वर्षांनीं पुनः खालीं गेला, आणि १९६८ मध्यें त्याची नोकरी गेली. मग त्यानें एक मद्यगृह चालविलें. माझ्या मतें, त्याच्या आयुष्याचा हा उत्तरार्ध पूर्वार्धाहून अधिक मोलाचा आहे. सत्तावीस सामने देशासाठीं खेळणें हें देवानें दिलेल्या गुणाचें काम. मान खालीं घालावयास लावणाऱ्या प्रसंगानंतर कित्येक वर्षें खालच्या पायरीवर उभें राहून तेंच काम तितक्याच निगुतीनें करणें, याला दुसरी कांहीं तरी शक्ति लागते.

ज्या व्यवस्थेमुळें तो गेला, ती व्यवस्था पुढें टिकली नाहीं. खेळाडूंच्या संघटनेनें संपाची तयारी केल्यावर १९६१ च्या जानेवारींत वेतनाची मर्यादा रद्द झाली. जॉर्ज ईस्टहॅम नांवाच्या खेळाडूनें आपल्या मालकांविरुद्ध दावा लावला, आणि १९६३ सालीं न्यायमूर्ति विल्बरफोर्स यांनीं निकाल दिला कीं, करार संपल्यावर माणसाला अशा रीतीनें अडकवून ठेवणें गैर आहे. हे न्यायमूर्ति गुलामांचा व्यापार बंद करविणाऱ्या विल्यम विल्बरफोर्स यांचे वंशज होते. शेवटचा दोर १५ डिसेंबर १९९५ रोजीं तुटला: झां-मार्क बोस्मान या बेल्जियन खेळाडूच्या दाव्यांत युरोपीय न्यायालयानें ठरविलें कीं, करार संपलेल्या खेळाडूला युरोपांतील दुसऱ्या देशाच्या संघाकडे जातांना जुन्या मालकाला किंमत मागतां येणार नाहीं. त्यानंतर दोन महिने उलटण्यापूर्वींच, ९ फेब्रुवारी १९९६ रोजीं, नील फ्रँकलिन चौऱ्याहत्तराव्या वर्षीं निवर्तला.

आतां तुम्ही विचाराल, फादर, हें सर्व आमच्यापुढें कशासाठीं? सांगतों. कांहीं वर्षांपूर्वीं, दुसऱ्या एका धर्मग्रामांत असतांना, एक तरुण माझ्याकडे स्नानसंस्काराचा दाखला मागावयास आला. आखातांतील एका देशीं त्याला नोकरी मिळाली होती. कराराचा कागद त्यानें मला दाखविला. काम काय, तास किती, परत येण्याचा खर्च कोणाचा, यांपैकीं एकाहि प्रश्नाचें उत्तर त्या कागदावर नव्हतें. मी तसें म्हणालों. तो म्हणाला, “फादर, सही झाली आहे. फक्त आईला सांगूं नका. तिला मीं पुण्याची नोकरी म्हणून सांगितलें आहे.” मीं दाखला दिला, आणि आईला सांगितलें नाहीं. त्या मौनाचा हिशेब मला अजून द्यावयाचा आहे. सात महिन्यांनीं तो परत आला, पासपोर्ट मालकाच्या कपाटांतून मोठ्या मिनतवारीनें सोडवून. त्यानंतर कित्येक रविवार तो मिस्सेला आला नाहीं. कां येत नाहींस, असें विचारल्यावर म्हणाला, “चर्चच्या पायऱ्यांवर सगळे विचारतात, इतक्या लवकर कसा आलास?”

१९९० सालीं कुवेतवर आक्रमण झालें तेव्हां लाखाहून अधिक भारतीय विमानांनीं परत आणले गेले. मी तेव्हां सेमिनरींत होतों. आपल्या किनाऱ्यावरील कित्येक घरांतील माणसें एका पिशवीनिशीं उतरलीं, आणि त्यांना हा प्रश्न कोणी विचारला नाहीं, कारण उत्तर वर्तमानपत्रांत छापलेलें होतें. एकटा परत येणाराचें उत्तर कोठें छापलेलें नसतें. म्हणून या महोत्सवाच्या वर्षीं मीं आपल्या धर्मग्राम परिषदेपुढें एक साधी सूचना मांडली आहे, व ती मान्य झाली आहे. परदेशीं जाणाराचा करार सही होण्यापूर्वीं वाचून देण्यासाठीं आपल्यांतील दोन वकील व एक निवृत्त बँक-अधिकारी दर शनिवारीं संध्याकाळीं धर्मग्रामाच्या कार्यालयांत बसतील. फी नाहीं. दाखला मागावयास येणाराला मी आधीं त्यांच्याकडे धाडीन. आणि आईला ठाऊक आहे काय, हेंहि विचारीन. जो परत आला असेल त्याला पायऱ्यांवर कोणीं काय विचारावें हें मी ठरवूं शकत नाहीं. तें तुमच्याकडे आहे.

माझीं पंधरा मिनिटें केव्हांच उलटून गेलीं. दोन्ही संघ मघांपासून उन्हांत उभे आहेत, आणि पंच घड्याळाकडे पाहत आहेत. समितीला एवढेंच कळवितों कीं, आजच्या बक्षिसांच्या यादींत ‘सर्वाधिक गोल करणारा’ असें एक बक्षीस आहे; त्याच्या शेजारीं मीं माझ्या खर्चानें आणखी एक पेला ठेविला आहे. तो पिछाडीच्या गड्यासाठीं आहे. कोणाला द्यावयाचा तें ठरविण्यासाठीं आज तुम्हां सर्वांना चेंडूवरची दृष्टि काढून थोडें मागेंहि पाहावें लागेल. चला, मुलांनो, सुरू करा.